काच पुसणारी जाळी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांत मीही कुणाला पाहिलं नाही. मी मोटारीतल्या हीटरची जुनी जाळी आहे. गाडीत पुढं बसल्यावर समोर जो डॅशबोर्ड दिसतो, त्याच्या पोटात माझी जागा होती. तिथं गच्च अंधार. ऐकू मात्र सगळं येतं. न पाहिलेलं जे सांगेन, ते असंच माणसांच्या बोलण्यातून कानावर आलेलं.

मी दिसायला वहीएवढी. अॅल्युमिनियमच्या बारीक नळ्या आणि त्यांच्यामध्ये कागदासारखे पातळ पापुद्रे. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी फिरून फिरून तापतं. त्यातलं थोडं एका नळीनं माझ्यात येतं, मला तापवतं आणि दुसऱ्या नळीनं परत जातं. मागून पंखा वारा घालतो. तो वारा माझी ऊब घेऊन वर काचेकडं आणि खाली पायांकडं जातो. गरम वारा लागला की काचेवर साचलेली वाफ निघून जाते आणि चालवणाऱ्याला रस्ता दिसतो. एवढंच माझं काम. पण त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात, हे मला फार उशिरा कळलं.

चाकणकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. भट्टीतून काढल्यावर एका माणसानं मला पाण्यात बुडवून माझ्यात हवा भरली. एकही बुडबुडा आला नाही. "चांगली आहे," तो म्हणाला. मला मिळालेला तो पहिला आशीर्वाद, असं मी मानते.

ज्या गाडीत मला बसवलं ती जुन्नरच्या बाळासाहेबांनी घेतली. घेतल्या दिवशी ते थेट ओझरला गेले, विघ्नहराचं दर्शन घेतलं आणि तिथून आणलेली छोटी पितळी मूर्ती डॅशबोर्डवर बसवली. ती नेमकी माझ्या डोक्यावर आली. मला ती दिसत नव्हती. पण वर कुणीतरी बसलेलं आहे, हे अंधारात कायम ठाऊक असायचं आणि धीर वाटायचा.

बाळासाहेबांना माझी आठवण फक्त थंडीत यायची. पौषातल्या पहाटे नारायणगावला जाताना ते बटण फिरवायचे आणि म्हणायचे, "हां, आता बरं वाटतंय." एरवी मी आहे हे ते विसरून जात. पण माणूस शिस्तीचा. इंजिनाच्या पाण्यात ते नेहमी कुलंट घालायचे, ते हिरवं औषधी पाणी. त्यानं माझ्या नळ्या आतून स्वच्छ राहत. कुणी विचारपूस केली नाही तरी मी सुखात होते.

पुढं गाडी शिनोलीच्या भरतनं घेतली. भरत चाकणला कंपनीत जातो, कंपनीच्या बसनं. गाडी घेतली ती त्याच्या बायकोसाठी. समृद्धी नर्स आहे. तळेघरच्या वरच्या अंगाला जे उपकेंद्र आहे, तिथं तिची नेमणूक. तिकडं एसटी मोजक्याच, आणि वाड्यांपर्यंत जायचं तर चालणं आलंच. निदान घाट तरी गाडीनं चढावा म्हणून हा खटाटोप.

तिथं मला माझं खरं काम मिळालं. आषाढ लागला की तो घाट ढगातच असतो. बाहेर पाऊस, आत माणसांचे श्वास, आणि समोरची काच दुधासारखी पांढरी. समृद्धी बटण फिरवायची. मग मी अंगात होती तेवढी सगळी ऊब वर पाठवायची. "आलं बाई, दिसायला लागलं," असं ती म्हणाली की माझं पोट भरायचं.

एकदा तिनं वाटेत सोनीबाई नावाच्या म्हातारीला गाडीत घेतलं. दिवसभर भाताची आवणी, म्हणजे लावणी, करून तिचे पाय चिखलात भिजून पांढरेफटक पडले होते. मी पायांकडं वारा सोडला. थोड्या वेळानं सोनीबाई वाकून खाली बघायला लागली.

"हितं शेगडी ठिवली का काय गं बाय?"

"हीटर आहे, आजी."

"आसं व्हय! माझ्या पोरीच्या घरीबी येवढं कुणी पाय शेकलं न्हाई."

मित्रांनो, माझं कौतुक कुणी केलं का असं मला विचारलंत, तर मी हीच गोष्ट सांगेन.

पण हळूहळू दुर्लक्ष सुरू झालं. कुलंट कमी झालं की भरत बोअरचं पाणी ओतायचा. "पाणीच की ते. इंजिनाला काय चव कळतीय?" असं म्हणायचा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण बोअरच्या पाण्यातले क्षार माझ्या नळ्यांत बसत गेले. आतून मी कुरतडली जात होते. शेवटी एका नळीला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं. गरम, गोडसर वासाचं पाणी थेंब थेंब गळून डाव्या बाजूच्या कार्पेटखाली मुरायला लागलं.

आणि त्याचा दोष आला तो एका देवभोळ्या माउलीवर.

साळुबाई म्हणजे भरतची आई. समृद्धी त्यांना आत्याबाई म्हणते. दर चातुर्मासात साळुबाई एखादा नेम धरतात. कधी मीठ सोडतात, कधी पायात चप्पल घालत नाहीत. या वर्षी सून घाटात एकटी गाडी नेते म्हणून त्यांनी नेम धरला होता, की गाडी निघण्याआधी डॅशबोर्डवरच्या विघ्नहराला पळीभर पाणी आणि दूर्वांची जुडी वाहायची. मग त्या हळूच म्हणायच्या, "जशी नेतुस तशी माघारी आण रं बाबा." सुनेला काही सांगायच्या नाहीत, जे सांगायचं ते देवालाच.

एका रविवारी भरतनं कार्पेटला हात लावला आणि ओरडला.

"आई, हिकडं ये! तुझ्या गणपतीच्या आंघोळीनं गाडीला सर्दी झाली बघ."

"पळीभर तर पाणी असतंय रं."

"रोज पळीभर! तळं झालंय हितं. आणि वास बघ कसला गोडूस. पंचामृतबी घालतीस का काय?"

"एकादशीला घातलं व्हतं थोडं," साळुबाई खाली बघत म्हणाल्या.

"झालं मग! उद्यापासून बंद. देवाला घरात घाल की पाणी. गाडीत कशाला?"

 साळुबाईंना स्वतःलाच ते खरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पळी आणली नाही. नेम मोडला असं त्या कुणाला म्हणाल्या नाहीत. फक्त सकाळी गाडीपाशी आल्या की रिकामे हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नसे. कधी पदर नीट करायच्या, कधी गाडीचं दारच पुसायच्या. मी आतून ऐकत होते. मी गळत होते आणि बोलणी त्या खात होत्या. मला वाचा असती तर मी ओरडून सांगितलं असतं.

श्रावण आला. आता माझ्यात ऊब कमी आणि वाफच जास्त. ती वाफ काचेवर तेलकट थर धरायची. समृद्धी एका हातानं गाडी चालवायची आणि दुसऱ्या हातानं फडक्यानं काच पुसायची. एका सकाळी घाटातल्या वळणावर काच पुसता पुसता गाडी रस्ता सोडून कडेच्या करवंदीच्या जाळीत घुसली. जाळीच्या पलीकडं दरी होती. समृद्धी कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. तिच्या श्वासानं काच आणखीच पांढरी होत गेली.

त्या संध्याकाळी शेडमध्ये गाडीला टेकूनच नवराबायकोचं बोलणं झालं. भरत चिडलेला नव्हता, घाबरलेला होता.

"सोमवारी गाडी वर न्यायची न्हाई, समू."

"सोमवारी मला जायलाच पाहिजे. रत्नाला शब्द दिलाय."

रत्ना म्हणजे तळेघरच्या वरच्या वाडीतली पहिलटकरीण. तिचे दिवस भरायला आले होते, पाय सुजले होते आणि रक्तदाब चढत होता. तिला घोडेगावच्या दवाखान्यात आणून दाखल करायचं होतं. पण ती दवाखान्याला भ्यायची. "सिस्टर, तुमी सवता न्यायला आला तर येईन, न्हाईतर हितंच बरी हाय," असं तिनं साफ सांगितलं होतं.

"जीपनं जा मग."

"श्रावणी सोमवारी? सगळ्या जीपा भीमाशंकरला जाणार. दारात लोंबकळायला जागा नसते, तिथं तिला बसवू?"

भरतनं काचेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "काचेतून रस्ता दिसला तर जा. न्हाई दिसला तर गाडी हितंच राहील आणि तू बदलीचा अर्ज टाकायचा. मला बायको पायजे, भिंतीवरचा फोटो नको."

मित्रांनो, सोमवारपर्यंत काचेतून रस्ता दिसला पाहिजे, एवढी एकच गोष्ट मग त्या घरात उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समृद्धीनं डावीकडचं कार्पेट मुळापासून उचललं. तिनं बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला.

"आत्याबाई, तुम्ही गाडीत पाणी घालायचं कधी बंद केलं?"

"भरत बोलला तवाच. कामून गं?"

"मग हे ओलं कुठून आलं? हे बघा, चिकट आहे. हिरवट आहे. हे इंजिनाचं पाणी. आतून गळतंय."

साळुबाई शेडच्या उंबऱ्यावर हळूच बसल्या.

"म्हंजी माझं न्हाई?"

"तुमचं नाही."

"येकदा परत म्हण."

"तुमचं नाही, आत्याबाई. तुमच्या देवाचंही नाही."

साळुबाईंनी पदरानं डोळे पुसले.

समृद्धी त्याच दिवशी गाडी घेऊन घोडेगावला सुभाष मिस्त्रीकडं गेली. त्यानं हुंगूनच सांगितलं, "ताई, हीटरची कोर गेली. बोअरच्या पाण्यानं खाल्ली." गॅरेजमध्ये मला कोर म्हणतात. "सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागंल. आता गाड्यांची रांग हाय, पुढच्या आठवड्यात लावा. तोवर हीटरच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून देतो. गाडी पळंल. हीटर तेवढा न्हाई चालायचा."

"आणि काच?"

"एक फडकं ठिवा की हाताशी."

"फडकं हाताशी होतं म्हणूनच करवंदीत गेले, भाऊ."

तिथून ती मंचरला गेली, माझ्या जागी बसवायची नवी जाळी, कुलंटचा डबा आणि नळ्यांच्या नव्या क्लिपा घेऊन आली. दुकानदारानं विचारलं, "मिस्त्री कोण आहे?" ती म्हणाली, "मीच." मोबाइलवर एका माणसानं डॅशबोर्ड न उतरवता, पुढचा कप्पा काढून खालच्या बाजूनं जाळी बदललेली दाखवली होती. तो कुठली भाषा बोलत होता ते समजत नव्हतं. हात मात्र समजत होते.

रविवारी सकाळी, मिस्त्री काय म्हणाला ते समृद्धीकडून ऐकून, भरत दिवस-रात्रीच्या जोडपाळीला कंपनीत गेला होता आणि गाडी शेडमध्ये गार होऊन उभी होती. समृद्धीनं बॅटरीची तार सोडवली आणि पाना घेतला. तेवढ्यात साळुबाई अंघोळ करून, हातात अक्षता घेऊन आल्या.

"थांब. आधी देव."

"उचलून ठेवते की मी."

"तसं उचलत्यात व्हय? इतकी वरसं बसलाय तो. त्याला सांगून हलवाय लागतंय."

बसलेल्या देवाला हलवायचं तर आधी अक्षता वाहून त्याची आज्ञा घ्यायची, ही त्या घरची रीत. साळुबाईंनी अक्षता वाहिल्या, मूर्ती किंचित हलवली, हात जोडून म्हणाल्या, "तुझ्या पायाखालचं दुरुस्त करायचंय. जरा हिकडं बस." मग शेडमध्येच एक पाट मांडला, त्यावर तांदूळ पसरले आणि मूर्ती पाटाच्या वरच्या टोकाला बसवली.

"आता दे एकेक खिळा," त्या म्हणाल्या. स्क्रूला त्या खिळाच म्हणतात.

समृद्धी स्क्रू काढून हात मागं करायची. साळुबाई पूजेला सुपाऱ्या मांडतात तसे ते स्क्रू तांदळावर उजवीकडून डावीकडं मांडत जायच्या. आधी निघाला तो आधी, मग निघाला तो त्याच्या शेजारी. कप्पा निघाला, त्याच्या मागची पट्टी निघाली, खालचं झाकण निघालं. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता.

शेजारचे जानकू इरलं पांघरून चालले होते, ते वाकून बघायला लागले.

"साळुवयनी, सून गाडी सोलतीय का काय? कणसासारखी?"

"सोलली तरी दाणं मोजून ठिवलंत आमी," साळुबाई म्हणाल्या.

"परत बसंल का पर?"

"न्हाई बसली तर तुमच्या बैलांना जुंपू. तुमाला तरी काय काम हाय?"

जानकू हसत हसत गेले.

इंजिनाखाली घमेलं ठेवून समृद्धीनं पाणी सोडलं. हिरवट, गंज मिसळलेलं पाणी निघालं. गोड वासानं घरचं मांजर लगेच आलं. समृद्धी ओरडली, "हाकला तिला! गोड लागतं, पण विष आहे ते." साळुबाईंनी मांजराला घरात कोंडलं आणि ते पाणी डब्यात भरून झाकण घट्ट लावलं. तुम्हीही हे विसरू नका, मित्रांनो. ते पाणी अंगणात ओतायचं नाही.

मग माझ्या दोन नळ्यांची पाळी आली. त्या इतकी वर्षं बसून अगदी चिकटल्या होत्या. समृद्धीनं ओढलं, पिळलं, पान्यानं ठोकलं. हाताला खरचटून रक्त आलं. एकदा तिनं पाना खाली टाकला आणि भिंतीला टेकून बसली.

"होत नाही, आत्याबाई."

साळुबाई आत गेल्या. चुलीवरचं गरम पाणी तांब्यात आणि एक जुनं फडकं घेऊन आल्या.

"आखडलेल्या सांध्याला तू आमाला काय करायला सांगतीस?"

समृद्धी हसली. "शेक द्यायला."

नळ्यांना शेक दिला. रबर मऊ पडलं. पहिली नळी निघाली, मागोमाग दुसरी. आणि समृद्धीनं मला दोन्ही हातांनी धरून, वाकडी न करता, सावकाश बाहेर ओढलं.

मित्रांनो, तेव्हा मी पहिल्यांदा उजेड पाहिला. पहिल्यांदा त्या दोघी पाहिल्या. समृद्धीच्या कपाळावर काळा ओघळ होता. साळुबाईंच्या बोटांना तांदळाचं पीठ लागलं होतं. मी ओळखत होते ते आवाज त्या चेहऱ्यांतून येत होते. साळुबाईंनी मला पाटापाशी ठेवलं. माझ्या पापुद्र्यांवर हिरवट मीठ फुटलं होतं.

"एवढीशी ही! आन् येवढा घोर लावला व्हय," त्या म्हणाल्या. रागानं नाही.

नवी जाळी माझ्या जागी गेली. मला हेवा वाटला नाही असं म्हणणार नाही. पण जाता जाता मी तिला मनातल्या मनात सांगितलं, अंधार आहे म्हणून भिऊ नकोस, वर देव असतो.

मग स्क्रू परत बसवायला घेतले, आता डावीकडून उजवीकडं. साळुबाई देत होत्या, समृद्धी बसवत होती. मध्येच मांजर खिडकीतून बाहेर पडलं आणि साळुबाई त्याच्यामागं गेल्या, तेवढ्यात समृद्धीनं स्वतःच दोन-तीन स्क्रू उचलले. सगळं बसलं. कप्पाही बसला. साळुबाई परत येऊन बघतात तर पाटावर एक स्क्रू शिल्लक.

"ह्यो कुणाचा?"

समृद्धीनं इकडंतिकडं पाहिलं. "राहू द्या. सगळं घट्ट बसलंय. एखादा जास्तीचा असतो."

साळुबाईंचा आवाज कधी चढत नाही. तेव्हाही चढला नाही.

"देवापुढं मांडलेलं एकबी मागं ठिवायचं न्हाई. ज्याचं त्याला पोचवायचं."

"सगळं परत उघडावं लागेल, आत्याबाई."

"उघडू की. मी हाय बसलेली."

तो स्क्रू तांदळावर डाव्या टोकाला होता, म्हणजे शेवटी निघालेल्यांपैकी. दोघींनी कप्पा परत काढला, पट्टी परत काढली. बघतात तर नवी जाळी धरून ठेवणारी पकड एका बाजूनं मोकळीच होती. घाटातल्या खड्ड्यांत ती हादरत राहिली असती आणि घासून घासून नव्या जाळीलाही भोक पडलं असतं. समृद्धीनं जीभ चावली. स्क्रू आपल्या जागी गेला. पाटावर नुसते तांदूळ आणि देव उरला.

नवं कुलंट भरलं. बॅटरीची तार जोडून गाडी सुरू केली. समृद्धीनं बटण गरमवर फिरवलं आणि वाऱ्यापुढं हात धरला. गार! अगदी गार वारा.

"एवढं करून?" ती सीटवर मागं टेकली. पाऊस वाढला होता आणि दिवस कलत होता. मला वाटलं, आता ही बदलीचा अर्ज लिहायला बसेल. पण तिनं गाडी बंद केली आणि बॉनेटखालच्या नळ्यांवर हात फिरवत उभी राहिली. एक नळी गरम होती, दुसरी गार.

"पाणी पुढं जात नाही," ती स्वतःशीच म्हणाली. मग एकदम साळुबाईंकडं वळली. "हवा! सलाइन लावण्याआधी आम्ही नळीतली हवा काढतो. हवा अडकली की थेंब पुढं सरकत नाही. इथंही तेच झालंय."

घराबाहेर रस्त्याला चढ आहे. इंजिन गार झाल्यावर तिनं गाडी तिथं नेली आणि तोंड चढाकडं करून उभी केली, म्हणजे पाणी भरायचं तोंड सगळ्यात वर. साळुबाईंनी चाकांमागं दगड लावले आणि डोक्यावर घोंगडी घेऊन समृद्धीवर छत्री धरली. झाकण उघडं, इंजिन सुरू. समृद्धी सलाइनच्या नळीला टिचक्या मारतात तशा त्या नळ्यांना मारत, त्या दाबत राहिली. आधी काही नाही. मग तोंडातून एक मोठा बुडबुडा वर आला. त्यामागं आणखी. पाणी खाली गेलं, तिनं कुलंट घातलं. परत बुडबुडे, परत कुलंट. शेवटी बुडबुडे थांबले.

"आत्याबाई, आत बसा. हात धरा पुढं."

साळुबाई आत बसल्या. त्यांनी वाऱ्यापुढं तळहात धरला.  मग दुसराही हात पुढं केला, निरांजनावरून आरती घेतात तसा, आणि दोन्ही हात डोळ्यांना लावले.

मला भंगारात द्यायची वेळ आली तेव्हा त्याच आडव्या आल्या. "विघ्नहराच्या पायाशी इतकी वरसं बसलीय ती. न्हाई द्यायची." त्यांनी मला घासून धुतलं आणि शेडच्या भिंतीतल्या कोनाड्यात, गाडीसमोर ठेवलं.

सोमवारी सकाळी धुकं शिनोलीपर्यंत उतरलं होतं. भरत रात्रपाळी करून नुकताच आला होता. त्यानं आल्या आल्या कार्पेट दाबून पाहिलं. कोरडं. गाडी सुरू करून तो काचेकडं बघत राहिला. मग उतरला आणि आत गेला. मला वाटलं झोपायला गेला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा तांब्या आणि पळी होती.

"आई, आज पाणी न्हाई घातलंस का?"

साळुबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. "तळं व्हईल की रं."

"होऊ दे," भरत म्हणाला. तो जमिनीकडं बघत होता. "आणि ते बोअरचं पाणी मी पुन्हा घालणार न्हाई. कुलंटच घालीन."

साळुबाईंनी मूर्ती आधीच जागेवर बसवली होती. त्यांनी पळीभर पाणी वाहिलं, दूर्वा वाहिल्या. "जशी नेतुस तशी माघारी आण रं बाबा." मग पदर खोचून त्या स्वतःच पुढच्या जागेवर बसल्या. "रत्ना मला बघून भ्यायची न्हाई. चल."

मी कोनाड्यातून बघत होते. गाडीची समोरची काच पूर्ण पांढरी होती. आत कोण आहे ते दिसत नव्हतं. समृद्धीनं बटण फिरवलं असावं, कारण काचेच्या खालच्या कडेला एक काळी रेघ उमटली. ती रेघ रुंद झाली. आधी पितळी विघ्नहर दिसला, त्यापुढच्या दूर्वा दिसल्या. मग स्टिअरिंगवरचे खरचटलेले हात. मग साळुबाईंची हनुवटी, कुंकू. आणि सगळ्यात शेवटी समृद्धीचे डोळे, थेट समोर रस्त्याकडं लागलेले. इतकी वर्षं मी हेच काम केलं होतं, आणि ते कसं दिसतं हे मी पहिल्यांदा पाहत होते.

संध्याकाळी गाडी परत आली. रत्ना साळुबाईंचा हात धरून घाट उतरली आणि घोडेगावच्या दवाखान्यात दाखल झाली, असं त्यांच्या बोलण्यातून कळलं. "तिचं पाय गाडीत लई शेकलं," साळुबाई भरतला सांगत होत्या. बदलीच्या अर्जाचं नाव कुणी काढलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर मोठ्यांना माझा एक निरोप सांगा. जे दिसत नाही त्याचीही काळजी घ्या. मिळेल ते पाणी माझ्यासारखीच्या पोटात ओतू नका. आणि कुठं काही ओलं झालं, तर घरातल्या कुणाच्या भक्तीवर बोट ठेवण्याआधी एकदा कार्पेट उचलून बघा.

मी आता गरम होत नाही. पण रोज सकाळी गाडी निघायच्या वेळी साळुबाई एक उदबत्ती पेटवतात आणि माझ्या पापुद्र्यांच्या फटीत खोचतात. समोर काचेवरची पांढरी वाफ खालून वर सरकायला लागते. तेवढा वेळ माझ्या अंगाला थोडी ऊब असते.